दोन सेकंदांचा इतिहास : पद्मिनी, मारुती आणि भिवंडीचा रस्ता

तुलना ही समीक्षेची जुनी सवय आहे. दोन कवी, दोन कादंबऱ्या, दोन कालखंड शेजारी ठेवल्याशिवाय आपल्याला बोलणे सुचत नाही. अलंकारशास्त्राने मात्र तुलनेवर एक अट घालून ठेवली आहे. उपमेय आणि उपमान एवढ्याने उपमा सिद्ध होत नाही. दोहोंना जोडणारा साधारण धर्म असावा लागतो. मुखाला चंद्र म्हणताना आल्हादकता हा साधारण धर्म आपण गृहीत धरतो, चंद्रावरचे डाग नव्हे. म्हणजे कशाची कशाशी तुलना करायची या प्रश्नाइतकाच, किंबहुना त्याहून महत्त्वाचा प्रश्न असतो : कोणत्या गुणाच्या आधारे? आणि तो गुण कोणी निवडला?

हा प्रश्न साहित्याबाहेरच्या एका साध्या उदाहरणावर तपासून पाहण्याचा हा प्रयत्न आहे. उदाहरण दोन लहान पेट्रोल मोटारींचे आहे : मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी आणि १९८३ पासून गुडगावहून येऊ लागलेली मारुती ८००. ऐंशीच्या दशकात मुंबई-ठाणे परिसरातल्या ज्या मोजक्या कुटुंबांना मोटार घेणे परवडत होते, त्यांच्यापुढे व्यवहारात हेच दोन पर्याय होते. त्या काळच्या बोलण्यात या तुलनेचा निकाल एका शब्दात लागत असे, तो शब्द म्हणजे ‘पिकअप’. मारुतीला पिकअप आहे, फियाटला नाही. (पद्मिनीला पद्मिनी कोणी फारसे म्हणत नसे, नाव बदलून कितीही वर्षे झाली तरी ती फियाटच राहिली.) शास्त्रीय मराठी ज्याला प्रवेग किंवा त्वरण म्हणते त्याच्यासाठी रस्त्याने स्वतःचा शब्द शोधला होता. हा पिकअप नेमका किती होता, तो कोठून आला आणि त्याला तुलनेचा एकमेव साधारण धर्म मानल्यामुळे कोणत्या गोष्टी दिसेनाशा झाल्या, हे पाहण्यासाठी ठाण्याहून भिवंडीकडे जाणारा रस्ता सोयीचा आहे.

सोयीचा अशासाठी की भिवंडी हे पूर्णपणे रस्त्यावर जगणारे शहर आहे. मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग कल्याणवरून गेला, भिवंडी बाजूला राहिली. वसई-दिवा मार्गावरचे ‘भिवंडी रोड’ हे स्थानक गावाच्या कडेला आहे. सूत यायचे ते रस्त्याने, कापड जायचे ते रस्त्याने. कशेळीचा पूल ओलांडून, काल्हेर, अंजूरफाटा करत गावात शिरणारा जुना आग्रा रस्ता आणि बाहेरून माणकोली, रांजणोली, पडघ्याकडे जाणारा वळणरस्ता, या दोन वाटांवर मालमोटारींच्या रांगेत लहान मोटारी सापडत असत. पुढे शहापूर मागे टाकले की कसारा घाट येई. सपाट रस्ता, मालमोटारीला ओलांडण्याची घाई आणि घाटाचा चढ या मोटारीच्या तिन्ही परीक्षा एकाच प्रवासात होत.

आता या दोन गाड्यांची कुळकथा.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्या मनात मोटार कारखान्याची कल्पना तिशीच्या दशकापासून होती. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी अशा कारखान्याची योजना आखली होती आणि वालचंद त्या प्रयत्नात त्यांच्याबरोबर होते. ब्रिटिश सरकारने उत्साह दाखवला नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्यातून क्रायस्लर कंपनीच्या बांधणीची पहिली वाहने बाहेर पडली. पन्नासच्या दशकाच्या आरंभी इटलीच्या फियाटशी करार झाला. त्याच सुमारास, १९५३ मध्ये, टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर सरकारने ठरवले की ज्यांच्याकडे भारतात प्रत्यक्ष उत्पादन करण्याचा कार्यक्रम नाही त्यांनी केवळ सुट्या भागांची जोडणी करू नये. शिवडीला १९२८ पासून मोटारी जोडणाऱ्या जनरल मोटर्सने आणि मुंबईतच काम करणाऱ्या फोर्डने त्यानंतर गाशा गुंडाळला. मैदानात जे देशी कारखाने उरले त्यांत कुर्ल्याचा एक होता.

फियाट ११०० ची नवी आवृत्ती इटलीत १९५३ मध्ये आली आणि लवकरच कुर्ल्यातही बनू लागली. १९६४ मध्ये तिचे ‘डी’ रूप भारतात आले. येथे एक तपशील लक्षात घेण्याजोगा आहे : इटलीतल्या ११०० डी मध्ये १२२१ घनसेंटिमीटरचे इंजिन होते, भारतातल्या गाडीत जुनेच १०८९ घनसेंटिमीटरचे राहिले. म्हणजे आपल्याकडची गाडी जन्मतःच तिच्या इटालियन बहिणीपेक्षा मंद होती. १९७२ मध्ये तिला ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ म्हटले गेले आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. इटलीत ११०० ची परंपरा १९६९ मध्ये संपली. कुर्ल्यात ती विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालू राहिली.

मारुतीची कथा वेगळी. संजय गांधींची मारुती लिमिटेड १९७१ ची. तिच्यातून जनतेची मोटार काही निघाली नाही. १९८० मध्ये संजय गांधींचे निधन झाले, कंपनी सरकारने ताब्यात घेतली, १९८१ मध्ये मारुती उद्योग ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९८२ मध्ये जपानच्या सुझुकीशी करार झाला. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या ग्राहकाला किल्ली मिळाली. इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे. त्याची शक्ती पुढच्या चाकांना मिळत असे. १९८६ मध्ये गाडीचे दुसरे रूप आले आणि पुढची पावशतकाहून अधिक वर्षे रस्त्यावर आपण पाहिले ते हेच.

नावांकडेही साहित्याच्या अभ्यासकाने पाहावे. पद्मिनी म्हणजे चितोडची राणी, जायसीच्या ‘पद्मावत’ची नायिका, जुन्या नायिकाभेदातला पहिला प्रकारही पद्मिनीच. सौंदर्य, कुलीनता, गृहस्थी हे सारे त्या नावात आहे. वेग मात्र नाही. मारुती तर वायूचाच पुत्र. महाराष्ट्रात तो गावाच्या वेशीवर उभा असतो, शक्तीचे आणि वेगाचे दैवत म्हणून. नावे ठेवणाऱ्यांच्या मनात काय होते हा भाग अलाहिदा; पण एकीचे नाव घरात शिरते आणि दुसरीचे झेप घेते, हा भेद पुढे लोकांच्या बोलण्यात जो निकाल लागला त्याच्याशी चमत्कारिक रीतीने जुळतो.

आता आकडे. पद्मिनीची शक्ती साधारण ४० अश्वशक्ती, मारुतीची किंचित कमी. आपण ३८ धरू. म्हणजे शक्तीच्या हिशेबात मारुती पुढे नव्हतीच. फरक होता तो वजनात. पद्मिनीचे रिकामे वजन सुमारे ८९५ किलो. मारुतीचे साधारण ६५० किलो. चालक ६० किलोचा धरला तर पद्मिनीच्या प्रत्येक अश्वशक्तीला सुमारे २४ किलो ओढायचे असतात आणि मारुतीच्या अश्वशक्तीला १९ किलोपेक्षा थोडे कमी. प्रवेगाचे सारे रहस्य या भागाकारात आहे. मारुती बलवान नव्हती, ती हलकी होती.

याचे सेकंदांत रूपांतर करता येते. थांबलेल्या गाडीला ताशी ६० किलोमीटर वेगापर्यंत नेण्यासाठी लागणारी गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात असते. चालकासह पद्मिनीसाठी ती सुमारे १३३ किलोज्यूल येते, मारुतीसाठी सुमारे ९९. इंजिनाची पूर्ण शक्ती कधीच चाकांपर्यंत पोचत नाही. गिअर बदलताना ती तुटते, दंतचक्रांत आणि हवेच्या रोधात काही खर्च होते, आणि इंजिन आपल्या सर्वोच्च शक्तीच्या फेऱ्यांवर सतत फिरतही नसते. म्हणून सरासरीने निम्मी शक्ती कामी येते असे मानू. या हिशेबाने पद्मिनीला ६० चा वेग गाठायला सुमारे ९ सेकंद लागतात, मारुतीला सुमारे ७. हे कागदावरचे गणित आहे, घड्याळ लावून घेतलेली चाचणी नव्हे. पण दोन गाड्यांमधले नाते त्यातून स्पष्ट होते. ज्या पिकअपची एवढी ख्याती झाली तो या हिशेबाने दोन सेकंदांचा ठरतो.

दोन सेकंद थोडे नव्हेत. दुपदरी आग्रा रस्त्यावर मालमोटारीला ओलांडताना समोरून येणारे वाहन आणि आपण दोघेही साठच्या वेगात असू तर मधले अंतर दर सेकंदाला ३३ मीटरने कमी होते. चाळीसवरून साठवर जायला एक सेकंद कमी लागणे म्हणजे तेवढा रस्ता हाताशी शिल्लक राहणे. मारुतीच्या पिकअपचे कौतुक ही नुसती हौस नव्हती. त्यात जिवाची शाश्वती होती, हे आधी मान्य केले पाहिजे.

पण आता याच गणितात आणखी चार माणसे बसवून पाहू. ऐंशीच्या दशकात मोटार क्वचितच एकट्या माणसासाठी निघे. लग्नाला, देवदर्शनाला, आजारी नातेवाइकाला पाहायला भिवंडीहून नाशिकला निघालेली गाडी भरलेली असे. पाच माणसांचे ३०० किलो धरले की पद्मिनी ११९५ किलोची होते आणि मारुती ९५० किलोची. दर अश्वशक्तीमागे पद्मिनीला आता ३० किलो आणि मारुतीला २५. पद्मिनीचा बोजा एक चतुर्थांशाने वाढला, मारुतीचा एक तृतीयांशाने. साठचा वेग गाठायला पद्मिनीला सुमारे ११ सेकंद लागतील, मारुतीला सव्वानऊ. म्हणजे भरलेली मारुती ही एकट्या चालकाच्या पद्मिनीपेक्षा मंद ठरते.

हा निष्कर्ष गणिताने साधा असला तरी त्याचा अर्थ साधा नाही. आपण ‘गाडीचा पिकअप’ म्हणतो तेव्हा तो गुण गाडीत वसतो असे समजतो. प्रत्यक्षात तो गाडी आणि तिच्यात बसणारी माणसे यांच्यामधला संबंध असतो. जितकी गाडी हलकी, तितकी ती माणसांच्या वजनाबद्दल हळवी. पद्मिनीला पुढे सलग आसन होते, गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबावर होता, त्यामुळे पुढेही तिघे बसत. मारुतीत पुढे दोन सुटी आसने आणि मधे जमिनीवर गिअर. एका गाडीची रचना एकत्र कुटुंबाच्या हिशेबाची होती, दुसरीची आईबाप आणि दोन मुलांच्या. सेकंद मोजणारे घड्याळ हा भेद सांगत नाही, कारण चाचणीच्या वेळी गाडीत कुटुंब नसते.

घाटातही गोष्ट इतकी सरळ नव्हती. चढावर गाडीचे वजन मागे सरकते. पद्मिनीची मागची चाके ओढत असल्याने भरलेल्या गाडीत त्यांची पकड वाढे, तर मारुतीच्या पुढच्या चाकांवरचा भार चढावर थोडा घटे. उलट उन्हाळ्यात पद्मिनीचे इंजिन तापून पेट्रोलची नळीतच वाफ होई आणि घाटात गाडी बंद पडे. पंपावर ओले फडके टाकून ती थंड होईपर्यंत थांबण्याचा उपाय त्या पिढीतल्या चालकांना पाठ होता. मारुती त्या मानाने न कुरकुरता चढत असे, तिचा क्लच हलका होता आणि लिटरमागे ती बरीच जास्त अंतर कापी. म्हणजे तुलनेचे निकष वाढवले तरी मारुती हरत नाही. ती पुष्कळ बाबतींत खरोखरच चांगली होती. आक्षेप तिच्यावर नाही. एकाच निकषावर आहे.

हा निकष आला कोठून? मोटारीची परीक्षा शून्यापासून ठरावीक वेगापर्यंतच्या सेकंदांत घेण्याची पद्धत रूढ करण्याचे श्रेय टॉम मकॅहिल या अमेरिकी लेखकाला दिले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ पासून, तो एका अमेरिकी मासिकात मोटारींच्या परीक्षणाचे लेख लिहू लागला आणि शून्य ते ताशी ६० मैल हे माप त्याने वाचकांच्या तोंडी बसवले. साठ मैल म्हणजे जवळपास ९७ किलोमीटर. दशमान पद्धतीच्या देशांत त्याचे १०० किलोमीटर झाले. युद्धानंतरच्या अमेरिकेत कारखान्यांची स्पर्धा होती, रुंद महामार्ग होते, स्वस्त पेट्रोल होते आणि ग्राहकापुढे दहा गाड्या उभ्या होत्या. निवड करायची तर सर्वांना लागू पडणारा एक आकडा हवा होता. निकष हा असा निवडीच्या पोटी जन्माला येतो.

भारतात त्याच काळात निवडच नव्हती. गाडी नोंदवायची आणि वर्षानुवर्षे थांबायचे. १९६९ मध्ये सरकारने मोटारींच्या किमती नियंत्रणाखाली आणल्या. त्याविरुद्ध प्रीमियर कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. किंमत सरकार ठरवणार, उत्पादनाची क्षमता परवान्यात लिहिलेली, परकीय चलन दुर्मीळ आणि ग्राहक रांगेत उभा. अशा स्थितीत इंजिन सुधारण्याची कारखान्याला ना सवड ना गरज. लहान, स्वस्त मोटार असावी अशी शिफारस एल. के. झा समितीने १९६० च्या सुमारास केली होती. ती प्रत्यक्षात रस्त्यावर यायला १९८३ उजाडले. गाडीच्या प्रवेगाचे आपण सेकंद मोजतो, पण एका शिफारशीला वेग पकडायला जी दोन दशके लागली त्यांचा हिशेब कोणत्या तक्त्यात मांडायचा?

म्हणून ऐंशीच्या दशकातला ‘पिकअप’ हा शब्द केवळ यांत्रिक नव्हता असे म्हणता येईल. ज्या समाजाला टेलिफोनसाठी, स्कूटरसाठी, मोटारीसाठी वर्षे मोजत थांबायची सवय झाली होती, त्याला पायाखालचे यंत्र दाबताच प्रतिसाद देते हा अनुभवच नवा होता. मारुतीने पद्मिनीला दोन सेकंदांनी मागे टाकले खरे, पण लोकांना त्या दोन सेकंदांत एक अख्खा काळ मागे पडल्यासारखा वाटला. सेकंदांच्या तक्त्यांची मागणी त्यानंतर आली. १९९३ मध्ये मोटार उत्पादनावरचा परवाना उठला, १९९८ मध्ये सँट्रो, मटिझ आणि इंडिका बाजारात उतरल्या आणि नव्वदीच्या अखेरीस नव्या मोटार मासिकांतून दोन लहान गाड्यांचे आकडे शेजारीशेजारी छापले जाऊ लागले. अमेरिकेत १९४६ साली जे घडले ते आपल्याकडे अर्ध्या शतकाने घडले.

येथे भिवंडीकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण जुन्या यंत्राची गोष्ट या गावाइतकी दुसऱ्या कोणत्या गावाला ठाऊक असेल? मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग भिवंडीत आले, दुरुस्त झाले आणि दशकानुदशके चालत राहिले. १८ जानेवारी १९८२ पासून डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा गिरण्यांच्या नावाचे कापड यंत्रमागांवर विणून घेतले गेले. भिवंडीच्या मागांचा खडखडाट वाढला तो गिरणगाव शांत झाल्यामुळे. यंत्रमागाचेही माप वेगातच असते : मिनिटाला धोटा किती वेळा आरपार जातो. बिनधोट्याच्या आधुनिक मागांशी तुलना केली तर भिवंडीचा साधा माग कधीच हरला आहे. तरी तो चालत राहिला, कारण स्वस्त होता, कारण त्याचा प्रत्येक भाग गल्लीतल्या कारागिराला उघडता-जोडता येत होता, आणि, हे सांगितलेच पाहिजे, कारण तो चालवणाऱ्या कामगाराची मजुरी कमी आणि पाळी लांब होती.

पद्मिनीचे दीर्घायुष्य नेमके याच जातीचे होते. तिचे इंजिन कोणत्याही नाक्यावरचा मिस्त्री खोलू शकत असे, सुटे भाग सर्वत्र मिळत, आणि म्हणूनच मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्याने ती सोडली नाही. त्याचा निकष पिकअप नव्हता. दिवसभरात पोटात घातलेल्या पेट्रोलवर आणि खिशातून गेलेल्या दुरुस्तीवर किती भाडी झाली, हा होता. रस्त्याच्या मराठीत यासाठी दुसरा शब्द आहे, ‘अ‍ॅव्हरेज’. गाडी अ‍ॅव्हरेज किती देते असे विचारताना आपण इंधनाचीच चौकशी करतो, पण शब्दाचा मूळ अर्थ, सरासरी, अधिक बोलका आहे.

सरासरीच्या दृष्टीने दोन सेकंदांचे काय होते ते पाहावे. ठाणे ते भिवंडी हे अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास. ताशी ३० च्या सरासरीने त्याला अर्धा तास लागतो. वाटेत दहा वेळा थांबावे लागले आणि दर वेळी साठपर्यंत वेग नेण्याइतका रस्ता मोकळा मिळाला, असे गृहीत धरले, तरी मारुतीने पद्मिनीवर मिळवलेली आघाडी सगळी मिळून २० सेकंदांची. कशेळीच्या पुलावर मालमोटारींची रांग असेल तर ती एका थांब्यात पुसली जाई. प्रवेग हा एकट्या गाडीचा असतो, सरासरी मात्र सगळ्या रस्त्याची असते. एक गुण विकत घेता येतो, दुसरा सर्वांनी मिळून घडवावा लागतो; आणि आपल्या तुलनांचे तक्ते पहिल्यापुरतेच थांबतात.

आज हे अधिकच खरे आहे. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर पण मुंबईच्या उंबरठ्यावर असल्यामुळे काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे, माणकोली या गावांत गोदामे उभी राहिली. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, पण गोदामे हटली नाहीत; उलट घरपोच खरेदीच्या व्यापाराने ती वाढली. मराठी माणसाने भातशेतीचा म्हणून ओळखलेला हा पट्टा आता कंटेनरच्या रांगांचा झाला आहे. त्या रांगेत अडकलेल्या आजच्या लहान मोटारीचे इंजिन पद्मिनीच्या दुपटीने ताकदवान असते आणि ती पद्मिनीइतक्याच वेगाने पुढे सरकते.

दरम्यान तुलनेतल्या दोन्ही बाजू काळाआड गेल्या आहेत. कुर्ल्याच्या कारखान्याने परवानामुक्तीनंतर फियाट उनोसाठी नव्याने जुळवाजुळव केली, नोंदणीला अफाट प्रतिसाद मिळाला, पण संप, अपुरे उत्पादन आणि भागीदारांतले ताण यांत ती संधी विरली. डॉ. सामंतांची संघटना या कारखान्यातही प्रभावी होती. गिरणी संपाचा आणि मोटार कारखान्याचा इतिहास असा एकाच नावापाशी येऊन भेटतो. शतक संपता संपता पद्मिनी बनणे थांबले. मुंबईच्या टॅक्सींना वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवला नोंदली गेलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून निवृत्त झाली. मारुती ८०० चे उत्पादन त्याआधीच, जानेवारी २०१४ मध्ये, बंद झाले होते.

टॅक्सीच्या निरोपावर त्या वेळी पुष्कळ हळवे लिहिले गेले. त्या हळवेपणापासूनही अभ्यासकाने थोडे दूर राहावे. पद्मिनी टिकली ती केवळ गुणांमुळे नव्हे. स्पर्धा बंद असल्यामुळेही टिकली. ग्राहकाने तिच्यासाठी मोजलेली किंमत, घाटात ओले फडके घेऊन घालवलेला वेळ, जास्तीचे जळलेले पेट्रोल आणि धूर हे सारे तिच्या खात्यावर लिहिले पाहिजे. तसेच मारुतीच्या खात्यावर दोन सेकंद लिहिताना त्याखाली कुर्ल्याच्या फाटकातून बाहेर पडलेला कामगारही लिहिला पाहिजे. ज्या कारागिरीने जुने इंजिन आणि जुना माग चालता ठेवला ती नव्या गाडीला लागत नव्हती. तिचे मूल्य कोणत्याच तक्त्यात नव्हते, म्हणून ती गेली हेही कोणाला फारसे जाणवले नाही.

तौलनिक अभ्यासाला यातून घेण्यासारखी एक साधी गोष्ट आहे. दोन कृती शेजारी ठेवताना आपण जो साधारण धर्म निवडतो, तो बहुधा आपल्या आधीच कोणीतरी निवडलेला असतो : बाजाराने, परीक्षापद्धतीने, दुसऱ्या देशातल्या एखाद्या मासिकाने. तो खोटा असतोच असे नाही. पद्मिनी आणि मारुती यांच्यातले दोन सेकंद खरे होते. पण निकष खरा असणे आणि तो पुरेसा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेग मोजला तेव्हा गाडी रिकामी होती की भरलेली, रस्ता मोकळा होता की अडलेला, आणि मोजणाऱ्यापुढे निवड होती की नुसतीच रांग, एवढे विचारले तरी तुलनेत इतिहास शिरतो. एकाच शतकात जन्मलेल्या दोन कवींपैकी कोण अधिक ‘आधुनिक’ हे विचारण्यापूर्वी, त्यांच्या कवितेत किती माणसे बसलेली होती याची मोजदाद आपण करतो का?